भरलेलं कपाट, तीन मजले

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि या चित्रपटगृहाचे मालक. व्यासपीठावरून माझ्याकडे जरा सावधपणे पाहत असलेले सन्माननीय वितरक. आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे नात्यानं माझी धाकटी मेव्हणी. आणि आपापली कामं बाजूला ठेवून आलेले रसिकहो,

निवेदिकेनं माझी ओळख संवादलेखक अशी करून दिली, त्याबद्दल आभार. आजच्या या सत्कारमूर्ती बाईंच्या तिन्ही चित्रपटांचे संवाद मी लिहिले. त्यांतले पडद्यापर्यंत पोचलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावतील आणि वर पत्त्यालाही जागा उरेल. तरी नामावलीत माझं नाव ठळक असतं. का, ते तिच्या बहिणीला, म्हणजे माझ्या पत्नीला विचारा. पहिल्याच रांगेत बसली आहे.

मंचावरून मेव्हणीला अहोजाहो करायचं ठरवून आलो होतो, पण जीभ वळत नाही. तर ती. ती पोटासाठी लग्नांचं चित्रीकरण करते आणि उरलेल्या दिवसांत प्रेमकथा काढते. प्रेमकथा काढायची तिची रीत कशी आहे? पहिल्या चित्रपटाच्या वेळी ती तीन महिने आमच्याकडे राहायला होती. त्या काळात आम्हा नवराबायकोत एकदा चार दिवस अबोला झाला. कारण विचारू नका, अजून निकाल लागलेला नाही. चौथ्या दिवशी वाळलेल्या चादरी आल्या. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं होत नाही. आम्ही दोन टोकं धरली, जवळ आलो, लांब गेलो, पुन्हा जवळ आलो. शेवटच्या घडीला हिनं माझ्या हातातली टोकं घेतली आणि म्हणाली, "चहा ठेवू का?" मेव्हणी दारात उभी राहून टिपून घेत होती. आमचं भांडण हे तिचं भांडवल.

तेव्हापासून तिचा नियम ठरला. तिच्या चित्रपटात प्रेमिकांना बागेत बसवत नाहीत. दोघांशिवाय होणार नाही असं एखादं काम त्यांना देतात आणि कॅमेरा लावून वाट पाहतात. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाली, "भाऊजी, तुमच्या नायकाचे दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून तो इतका बोलतो."

आता ज्या चित्रपटासाठी आपण जमलो आहोत, त्याबद्दल. नवराबायको वेगळे व्हायचं ठरवतात. बायको तिसऱ्या मजल्यावर खोली घेते. तिचं एक लोखंडी कपाट वर न्यायचंय, आणि ते वर चढवायला येतो तोच नवरा. तीन मजले, अकरा मिनिटं, संवाद शून्य.

वितरकांनी कथा ऐकली आणि अट घातली. ते इथेच आहेत, खोटं असेल तर उठून सांगतील. नायकानं जिन्यात एकदा तरी मन मोकळं केलं पाहिजे, नाहीतर चित्रपट डब्यात. आधीचे दोन डब्यातच होते. बाईंनी घरी येऊन शांतपणे सांगितलं की अट मानणार नाही, आणि हाही लागला नाही, तर यापुढे कॅमेरा फक्त लग्नांपुरता. माझी पत्नी ताटावरून उठली. मी काय केलं? जे मला येतं तेच. चार पानं लिहिली. पश्चात्ताप, आठवणी, मधे एक हुंदका.

जिना एका रविवारपुरताच मिळाला होता. कपाट रिकामं चालणार नव्हतं. रिकामं उचलल्याचं नाटक करता येतं, भरलेलं उचलावंच लागतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आत माझ्या न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे भरले. माझ्या साहित्याला वजन आहे हे तिनं प्रथमच मान्य केलं. आणि सकाळच्या चहाबरोबर मी ती चार पानं गुपचूप नायकाच्या हातात सरकवली. आजवर हे जाहीर कबूल केलं नव्हतं, आज करतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नायक थांबला. धापा टाकत माझं पहिलं वाक्य म्हणाला, दुसरं सुरू केलं. नायिका खालच्या टोकाला होती. ती मूळची रुग्णालयातली परिचारिका. आयुष्यभर माणसं उचललेली बाई. तिला माझ्या पानांची कल्पना नव्हती आणि सगळा भार तिच्या मनगटांवर आला होता. ती म्हणाली, "नंतर बोल. आधी उचल."

नायकाचं तोंड मिटलं. अभिनयानं नव्हे, खरोखर. त्यानं पकड खाली घेतली, भार स्वतःकडे ओढला आणि उरलेला दीड मजला तिच्याकडे पाहत चढला. बाईंनी कॅमेरा थांबवलाच नाही.

नंतर मी जिन्याच्या छताचं निरीक्षण करत उभा होतो. मेव्हणी जवळ आली. म्हटलं, आता संपलं नातं. ती म्हणाली, "पुढच्या वेळीही लिहून आणा, भाऊजी. माणूस गप्प व्हायला आधी बोलायला तर लागला पाहिजे."

वितरकांनी चित्रपट पाहिला आणि अटीची आठवण करून दिली. ती म्हणाली, बोलला की नायक, दीड वाक्य बोलला. साहेब हसले. मोठ्या मनानं हसले, आणि एक आठवडा दिला.

पहिल्या खेळाला आम्ही धरून तेवीस माणसं होती. अकरा मिनिटांत किती जण उठून जातील ते मोजायला मी मागे बसलो होतो. शेवटच्या वळणावर कपाट कठड्यात अडकतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांचा खांदा हळूच वर झाला. ते कपाट उचलत होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तीही उचलत होती. एकही जण उठला नाही. प्रेम बोलून दाखवायला एक माणूस पुरतो. उचलायला दोन लागतात, हे मला लेखनाच्या पंचविसाव्या वर्षी, अंधारात, मागच्या रांगेत कळलं.

तो एक आठवडा होता. आज पंचविसावा आहे.

अध्यक्षांचे, वितरकांचे, आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझा निष्काळजीपणा समजून पोटात घाला. आणखी बरंच सांगता आलं असतं, पण द्वारपाल मघापासून मला खुणा करताहेत. पुढच्या खेळाची रांग फाटकाबाहेर वळून रस्त्यावर गेली आहे. तेव्हा मंडळी, टाळ्या वाजवायच्या त्या उभं राहून, चालता चालता वाजवा. या खुर्च्या त्यांना हव्या आहेत.