मोरचुदाचा खडा

अमळनेरच्या एसटीत प्रमिलाबाईंनी डोळे मिटले होते, पण कान पुढच्या सीटवरच्या दोघींकडे होते.

“सारिका, घरात नुसती आयुषीची आरती चाललीय. जाऊबाईंच्या लेकीनं प्रदर्शनासाठी मोरचुदाचा खडा केला ना!”

“कसा गं?”

“गरम पाण्यात मोरचूद विरघळवायचा, दोऱ्याला बारीक खडा बांधून आत सोडायचा. पाणी आटतं तसा तो वाढतो. बरणी माझी, कौतुक तिचं! आमच्या रोनकनंही केला, पण बघतंय कोण?”

“तिचा मोठा झाला?”

“लिंबाएवढा, निळाशार! धूळ बसली होती, म्हणून मीच बादलीत भिजत घातला.”

“अगं बाई, विरघळला असेल की!”

“विरघळला ना. रडून रडून डोळे सुजले पोरीचे.”

“आणि रोनकचा नाही भिजवलास?”

“त्याच्यावर कुठे धूळ होती?”