नकाशावरून पुसलेली बस

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब. व्यासपीठावर बसलेल्या, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. त्यांच्या शेजारी एवढ्या मोठ्या खुर्चीत अंग चोरून बसलेले आपले बसचालक काका. आजच्या सत्कारमूर्ती भिंगताई, त्यांचे यजमान आणि कन्या. आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

निरोपाचं भाषण करायला मला का उभं केलं, हे मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही तक्रारींच्या फोनवर बसता, तुम्हाला बोलायची सवय आहे." आता सवय आहे ती ऐकून घ्यायची, पण साहेबांना समजावणार कोण? तेव्हा बोलते.

भिंगताई हे नाव त्यांना आम्हीच ठेवलं. आपलं अ‍ॅप शाळेच्या बसचं. आईबापांनी फोन उघडावा आणि आपलं लेकरू बसलेली बस नकाशावर कुठे आहे ते बघावं, एवढंच त्याचं काम. फोन दोन जातींचे, त्यामुळे तेच अ‍ॅप एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडे चालवायचं, असा आपला कारभार. ताई म्हणायच्या, एकाच कापडाचे दोन सदरे आहेत हे, पण अंगं वेगळी, कुठेतरी काखेत ओढणारच. ते कुठे ओढतंय ते शोधायला त्या दोन्ही हातांत दोन फोन धरून, नाकाला लावून, दिवसभर बसायच्या. बटण अंगठ्याखाली नीट येतं का? मोठी अक्षरं केली तर वाक्य अर्धं कापलं जातं का? उन्हात दिसतं का? एकदा तर आमच्या हिशेबनीस बाईंना, एका कडेवर नातू आणि दुसऱ्या हातात छत्री देऊन, तिसऱ्या हाताने फोन उघडून दाखवा म्हणाल्या. बाईंनी दाखवला कसा, हे अजून कोणालाच कळलेलं नाही.

हसलात, बरं वाटलं. कारण पुढचं सांगताना मला अजूनही पाणी प्यावं लागतं.

नदीला पूर आला त्या वर्षी आपण स्क्रीन सुधारली होती. पूर्वी नकाशावरची बस टुणटुण उड्या मारत जायची, कारण बसमधल्या यंत्राकडून खबर थांबून थांबून येते. लोक त्यावरून हसायचे. मग दोन खबरांच्या मधल्या वेळात बस आधीच्याच वेगाने अंदाजाने सरकवत ठेवायची, असं आपण केलं. काय देखणी चालायची! तक्रारींचा फोन थंड झाला. मीसुद्धा विणकाम काढून बसले. डोळ्यांना सुख देणारी गोष्ट खरीच असेल, असं आपल्याला का वाटतं, कोण जाणे.

आणि मग ती सकाळ आली. वरच्या भागात रात्रभर पाऊस झाला होता. आमच्याकडे थेंब नाही, पण नदी फुगलेली. पहिला फोन एका वडिलांचा आला. आवाज अगदी शांत होता. बस पुलाच्या मधोमध उभी दिसतेय, हलत नाहीये, काही बिघाड आहे का, असं त्यांनी विचारलं. मी बघते म्हणाले. ठेवला, तोच दुसरा आला. तिसऱ्या बाई रडतच होत्या. त्यांच्या भावाने सांगितलं होतं की पुलावरून पाणी चाललंय.

मी धावत ताईंच्या टेबलाशी गेले. तिथे दोन्ही फोन शेजारी शेजारी पडलेले. एकावर बस पुलाच्या मधोमध उभी. दुसऱ्यावर तीच बस पूल ओलांडून, झाडांच्या रांगेतून, संथपणे शाळेकडे निघालेली. एकच बस, आणि दोन फोनांवर दोन ठिकाणी!

मंडळी, त्या बसमध्ये ताईंची लेक होती. तेव्हा ती दुसरीत होती.

ताईंच्या यजमानांचा फोन आला. त्यांच्याकडे दुसऱ्या जातीचा फोन. भावोजी तिकडून म्हणत होते, काळजी करू नकोस, बस शाळेजवळ आलीय, मला दिसतेय. मुख्याध्यापिका बाईंनाही तेच दिसत होतं, त्या फाटकात वाट बघत उभ्या होत्या. आणि काकांचा फोन लागत नव्हता. ताईंनी भावोजींना एवढंच सांगितलं, "तुम्हाला दिसतेय ती बस नाही. ते फक्त चित्र आहे."

झालं होतं असं. बसकडून खबर येणं केव्हाच बंद पडलं होतं आणि आपली स्क्रीन अंदाजाने बस पुढे ढकलत होती. एका जातीचा फोन थोडं ढकलून दमला, तो नेमका पुलावर. दुसरा दमलाच नाही. दोन्ही बस खोट्या. ताईंनी मागे जाऊन शेवटची खरी खबर शोधली. ती पुलाच्या अलीकडची निघाली, लाकडाच्या वखारीजवळची. पण अग्निशमनवाले तोवर पुलाकडे निघाले होते, कारण निम्म्या आईबापांनी त्यांना फोन करून पूलच सांगितला होता. बाकीचे निम्मे निर्धास्त होते.

ऑफिसातून एक कळ दाबली की सगळ्या फोनांवरचा नकाशा झाकून त्या जागी मजकूर दाखवता येतो, ही सोय ताईंनीच करून ठेवली होती. त्यांनी मजकूर लिहिला: 'बस आत्ता कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही. शेवटची खबर वखारीजवळची, पुलाच्या अलीकडची आहे.' आणि खाली वेळ.

साहेब मागे येऊन उभे होते. साहेब, तुमची परवानगी घेऊनच सांगतेय. तुम्ही म्हणालात, असं लिहिलं तर लोक घाबरतील, हाहाकार होईल. त्यात चुकीचं काय होतं? तिथे उभं असलेलं कोणीही तेच म्हणालं असतं. ताई वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "घाबरू देत, साहेब. घाबरलेली माणसं शोधायला तरी निघतील."

साहेबांनी मान हलवली. पण कळ लगेच दाबली गेली नाही, आणि हे फक्त मी पाहिलंय. ताई त्या दुसऱ्या फोनकडे बघत राहिल्या. तिथे बस शाळेच्या वळणावर आली होती. पिवळी, इवलीशी, ताईंनी स्वतः काढलेली. ती खोटी आहे हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी त्या बसमध्ये त्यांची लेक सुखरूप शाळेत पोचत होती. आईने त्या चित्राकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या बोटाने ते पुसलं.

माझ्या टेबलावरचे सगळे फोन एकदम वाजू लागले. शिव्या, रडणं, देवाचा धावा, सगळं एकाच कानात. मी अग्निशमनवाल्यांना वखार सांगितली. शंभरदा सांगितलं असेल. पुढे काय झालं ते काकांनी बोलावं, पण ते बोलणार नाहीत, म्हणून मीच सांगते. पुलावरचं पाणी बघून त्यांनी बस वखारीच्या आडरस्त्याला घातली. तो रस्ता खोलगट. पाणी मागून आलं आणि इंजिन बंद पडलं. फोन भिजून गेला. त्यांनी मुलांना सीटच्या पाठींवर बसवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या कमरेपर्यंत पाणी होतं. आडरस्ता मुख्य रस्त्यावरून दिसत नाही. पुलाकडे गेलेला माणूस तिथून हाकेच्या अंतरावरून पुढे निघून गेला असता.

पण मजकूर वाचून आईबाप वखारीकडे धावले. वखारीतली माणसं दोर आणि शिड्या घेऊन निघाली, मागून अग्निशमनची गाडी. एकेक मूल हातोहात बाहेर आलं. इकडे ऑफिसात ताई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. आपल्या लेकीबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. भावोजींचा फोन मीच उचलला. ते म्हणाले, मिळाली. ते ऐकून ताईंना उलटी झाली. सगळी मुलं सुखरूप बाहेर आली. त्यानंतर काही वेळाने बस कुशीवर कलली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आपली बस पुन्हा उड्या मारू लागली. खबर जुनी झाली की ती करडी पडते आणि खाली लिहून येतं की आम्हाला माहीत नाही. त्यावरून आपण काही शाळा गमावल्या, दुसऱ्यांच्या अ‍ॅपवर बस छान सरकतात म्हणून. साहेबांनी त्या जाऊ दिल्या, याबद्दल आज त्यांचाही सत्कार व्हायला हवा होता.

आता ताई धरणाच्या पाण्याचे इशारे देणाऱ्या अ‍ॅपच्या कामावर चालल्यात. मी म्हटलं, अहो, इथे जेमतेम झोप लागायला लागली आणि पुन्हा पाण्यातच? त्या म्हणाल्या, "झोप लागायला लागली, म्हणूनच जातेय."

जाता जाता एक सांगते. ताई, रागावू नका. त्या संध्याकाळी मी ताईंच्या घरी होते. लेक न्हाऊन गोधडीत गुरफटून बसली होती. बसमधली मुलं रडत होती तेव्हा ही सगळ्यांना सांगत होती म्हणे, घाबरू नका, माझ्या आईने अ‍ॅप केलंय, तिला आपण दिसतोय. मग तिने आईला विचारलं, "मी दिसत होते ना गं तुला?"

मला वाटलं, आई हो म्हणेल. मी असते तर म्हणाले असते.

ताईंनी तिचे ओले केस पुसले आणि म्हणाल्या, "नाही गं राजा. दिसत नव्हतीस. म्हणून तर सगळे शोधायला आले."

ताई, आमचे धाबे आज दणाणले आहेत, कारण उद्यापासून त्या दोन फोनांसमोर आम्हाला बसायचंय. आशीर्वाद असू द्या. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, काका कामाचा दिवस मोडून आले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घालावा. आणि आवाज मध्येच कापला, त्याकडे कृपया दुर्लक्ष करावं.

नमस्कार.