मागे सहा फूट मोकळी जागा

तिथे नको, तिथे नको — पिशवी इकडे कपाटाशी ठेवा. या चालायच्या मशीनच्या पट्ट्यामागची जागा मोकळी ठेवायची असते, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच झाली. सहा फूट. पुस्तिकेत चित्र काढून दिलंय — माणूस घसरला तर मागे फेकला जातो, आणि मागे भिंत असली की माणूस भिंतीत नि पट्ट्यात अडकतो आणि पट्टा आपला फिरतोच आहे. मी सगळी पुस्तिका वाचलीय, चष्मा लावून, पहिल्या पानापासून. आमच्या ह्यांनी उघडूनही पाहिली नाही. — नाही हो, पाणीबिणी काही सांडलेलं नाही, तुमच्या ऑफिसातली मुलगीसुद्धा फोनवर तेच विचारत होती, पाणी सांडलंय का, घरात लहान मुलं आहेत का. लहान मुलं कुठली? मी आणि आमचे हे, संपलं घर. हे आत्ता बाहेर गेलेत. "मशीन दुरुस्त होईस्तोवर मी आपला रस्त्यावर चालून येतो" म्हणाले, आणि तुमचा फोन ठेवायच्या आत बूट घातले. एरवी एक मोजा सापडायला अर्धा तास लागतो या माणसाला.

— ऐकलंत? काच. बस गेली. खिडकीखालीच स्पीडब्रेकर आहे, प्रत्येक बस अशी धाडकन आदळते आणि ही काच थरथरते. तुम्हीपण बसनंच आलात ना? कळलं मला. आधी काच वाजली, मग तुमची बेल. या खोलीत बसलं की सगळं कळतं. पूर्वी आमच्या मुलीची होती ही खोली. असो. तुम्ही मशीन बघा.

सुरूच होत नाही बघा. स्क्रीनवर नुसत्या रेघा येतात. प्लग भिंतीतच लावलाय, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही — मशीन पोचवायला आलेले दोघे बोर्डवरच लावायला निघाले होते, मी हात धरला त्यांचा. खालचे पाय समतल केलेत, बघा हवं तर, तुमच्याकडे ती पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी असेल ना, ठेवून बघा. हे चालायचे तेव्हा मी इथे दारात उभी राहायची. आधी कडेच्या दोन पट्ट्यांवर पाय ठेवून उभं राहायचं, मग बटण दाबायचं, मग पट्टा हळू फिरायला लागला की त्यावर पाय. आमचे हे सरळ मध्ये उभे राहून बटण दाबायचे. आणि तो लाल दोरीचा चिमटा! तो शर्टाला लावायचा, माणूस पडला की दोरी ओढली जाते, दुसऱ्या टोकाची किल्ली निघते आणि मशीन जागच्या जागी थांबतं — किती शहाणपणाची सोय आहे! पण नाही. "मला काय गुरासारखं बांधतेस?" म्हणे. मी स्वतः लावायची चिमटा, रोज, बटणाच्या खाली. लहान मुलासारखे वर छताकडे बघत उभे राहायचे.

तुम्ही म्हणाल, बाई फारच मागे लागते. लागते. मी मागे लागले नसते तर या घरात कोण कुठे पडलं असतं देव जाणे. बरं, मशीन का घेतलं? तर डॉक्टर. गेली दोन वर्षं डॉक्टर विचारतात, "चालताय ना?" हे म्हणतात, "रोज. संध्याकाळी. न चुकता." आणि खरंच जातात हो, ऊन असो, थंडी असो, दुखत असो, खुपत असो. आणि साखर तिथल्या तिथे. वजन तिथल्या तिथे. डॉक्टर बिचारे कागद उलटे धरून बघतात, सुलटे धरून बघतात — चालणारा माणूस आणि अशी साखर कशी? गोळी वाढवली. मग आणखी वाढवली. आणि हे मान डोलावतात. एक दिवस मी ह्यांचे बूट पुसायला घेतले. तळवा बघितला. कोरा! दुकानातून आणला तेव्हा होत्या त्याच रेघा, त्याच खाचा. सांगा मला — वर्षभर रोज चालणाऱ्याच्या बुटाचा तळवा कोरा राहील? तुम्ही मशीनवाले, तुमचा पट्टासुद्धा झिजतो. नाही का?

मग काय, गेले मी ह्यांच्या मागोमाग. हो, गेले! लाज कसली त्यात, नवरा आहे माझा. मला वाटलं — आता तुम्हाला काय सांगायचं, तुमचं लग्न झालंय का? — कुणालाही जे वाटलं असतं तेच वाटलं. बरं झालं असतं तसं असतं तर, निदान चार शब्द सुनावता तरी आले असते. हे गेले पुढच्या चौकातल्या स्टॉपवर. हा आपल्या दारासमोरचा सोडून — मला दिसू नये म्हणून, एवढी अक्कल चालते. मी औषधाच्या दुकानाच्या पाटीआड उभी. एक बस आली, बसले नाहीत. दुसरी आली, बसले नाहीत. तिसरी आली — उठले, शर्ट सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि पुढच्या दारानं चढले. चालकाच्या मागचीच सीट. आणि चालक कोण?

आमची मुलगी.

हं. बस चालवते ती. अहो, सगळी बस तिच्या हातात, साठ-सत्तर माणसं घेऊन. गोल फेरी असते या बसची, जिथून निघते तिथेच येते. हे पूर्ण फेरी बसतात आणि उतरतात. हे ह्यांचं चालणं! बोलत असतील म्हणता? छे. काचेवर लिहिलेलं असतं ना, चालकाशी बोलू नये. आणि आमचे हे जन्मभर नियमाचे. गुपचूप बसतात, मांडीवर हात ठेवून, तिच्या मानेकडे बघत. उतरले की बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारतात आणि ती निघते. पाहिलं ना मी, तासभर पाटीआड उभी राहून पाहिलं. केस कापलेत तिनं. एवढे एवढे. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं, रोज बघत होते, माझ्याबरोबर एका ताटलीतला पाव खाताना ह्यांना ठाऊक होतं.

— थांबा, काच. नाही, ट्रक असेल.

मी काय वाईट सांगितलं होतं तिला? चांगली हिशेबाच्या ऑफिसात होती, खुर्ची, पंखा, सुट्ट्या — एक दिवस येऊन म्हणते, "मी सोडलं. मी बस चालवणार, परीक्षा पास झाले." मी म्हटलं, बस? तू? लहानपणी हिला सायकलसुद्धा दिली नव्हती मी, गल्लीत पडेल म्हणून. जिन्याला जाळी लावली होती. पोहायला पाठवलं नाही. जपली, जपली, तळहातावर जपली, आणि ही एवढं धूड घेऊन रस्त्यावर जाणार? मग बोलले मी. बोलले की, "त्या स्टेअरिंगला हात लावणार असशील तर या घराच्या बेलला हात लावायचा नाही." रागात बोलतं माणूस. आई आहे, बोलणार. आणि तिनं काय करावं? खरंच नाही लावला. चार वर्षं. एवढं माझं एक ऐकलं तिनं आयुष्यात! दिवसातून किती वेळा या खिडकीखालून जाते. हॉर्नसुद्धा वाजवत नाही. दारासमोर स्टॉप, आणि वर बघत नाही. — बघत नसेल. मी कुठे बघते? पडदा ओढलेला असतो.

तर सांगत काय होते — मशीन. मी डॉक्टरांना एका शब्दानं बोलले नाही, ह्यांनाही बोलले नाही. म्हटलं, रस्त्यावर फार गर्दी झालीय, वाहनं कशीही चालवतात लोक, घरीच चाला. माझ्या डोळ्यांसमोर चाला. साखर उतरू दे. चूक काय यात? सांगा ना. मशीन आलं, या खोलीत लावलं, चार-पाच दिवस हे चालले. समोरच्या भिंतीकडे बघत. मग मी पुस्तिकेत वाचलं सहा फुटांचं. आणि मागे तर तिचा पलंग. मधे हातभरसुद्धा अंतर नाही. घसरले असते तर डोकं थेट पलंगाच्या कडेवर. मग काढला पलंग. भंगारवाल्याला बोलावलं आणि दिला. परवा. मला काही हौस नव्हती, सुरक्षितता म्हणून काढला. हे मधे उभे राहिले, पलंगाच्या दांड्यावर हात ठेवून. भंगारवाला म्हणाला, "काका, हात काढा." काढला. मला वाटलं, पटलं असेल. आणि काल सकाळी म्हणतात, "मशीन बिघडलं."

काय? किल्ली? आहे की, ती काय तिथे दोरी लटकतेय, लाल. हँडलला मीच अडकवून ठेवते — मग? बघू. — अरे. दोरी आहे. चिमटा आहे. आणि या टोकाला काहीच नाही.

तुटली असेल. ओढून तुटली असेल नाही का? आणा इकडे, चष्मा लावते. नाही. तुटलेली नाही ही. सोडलीय. गाठ सोडलीय नीट, बघा, दोऱ्याला वळ आहे अजून गाठीचा. मी असते तर कात्री लावली असती. हे दोरी कापत नाहीत कधी. वाण्याच्या पुड्याची दोरीसुद्धा नखानं सोडतात, बोटांवर गुंडाळतात आणि खणात टाकतात. आणि मग दोरी परत हँडलला अडकवली, मी अडकवते तश्शी, दोन वेढे देऊन. म्हणजे मला दिसलं नसतं. म्हणजे मी चार दिवस दुरून बघून म्हटलं असतं, सगळं जागच्या जागी आहे.

एवढं. एवढं धाडस केलं या माणसानं. लग्न झाल्यापासून माझ्यासमोर कधी "नाही" म्हणाले नाहीत हो. मी म्हणायची, लोक जळतात आमच्यावर. आणि आता खिशात किल्ली घेऊन तिच्या मागच्या सीटवर बसले असतील, मांडीवर हात ठेवून.

आहे तुमच्याकडे? दुसरी? लावा, लावून बघा. — झालं सुरू. काही बिघडलेलंच नव्हतं म्हणजे. बघा कसं मुकाट्यानं फिरतंय, वर माणूस नाही तरी फिरतंय. किती मोकळं दिसतं मागे. पलंग होता तेव्हा खोली भरलेली वाटायची, आता पट्टा आणि सहा फूट फरशी. रोज अर्धा तास या पट्ट्यावर चालवलं मी ह्यांना, आणि खाली तिची बस जायची, आणि हे या भिंतीकडे तोंड करून. बस गेली आणि काच वाजली नाही की ह्यांचं पाऊल चुकायचं. मी म्हणायची, नीट चाला, लक्ष कुठे आहे.

बंद करा ते. बंद करा म्हटलं ना. काढा किल्ली. न्या ती. अहो, न्या, मला नकोय. तुमच्या ऑफिसात काहीही लिहा — पार्ट मिळत नाही म्हणून लिहा. ह्यांनी विचारलं तर मीही तेच सांगेन. मी हरले असं नाही. पण खिशातली किल्ली मी कशी मागू? मागितली तर म्हणावं लागेल की मला सगळं माहीत आहे. मग जाणंही बंद होईल ह्यांचं, आणि उद्यापासून समोरासमोर बसून दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं. आणि मग तिला कोण बघणार रोज?

श्श. थांबा.

बस गेली आता. ऐकलंत? नाही ऐकलंत, कारण काच वाजली नाही. स्पीडब्रेकरवर इतकी हळू घेते ना ती, कपातला चहा हिंदकळायचा नाही. बाकीचे सगळे आदळतात. सगळ्या दिवसात एकटी तिचीच बस — चार वर्षं ऐकतेय, मला नका शिकवू. उचला पिशवी. स्टॉपवर थांबलेय ती, पळत गेलात तर मिळेल. थांबते ती पळत येणाऱ्यासाठी, मी पाहिलंय पडद्या— थांबत असेल म्हणते. पुढच्या दारानं चढा. चालकाच्या मागे एक म्हातारा बसला असेल, निळा शर्ट, बटणाखाली चिमट्याचे वळ. त्यांना म्हणावं, निदान दोन स्टॉप आधी उतरत जा आणि तेवढं तरी चालत या.

मी सांगितलं म्हणून सांगू नका. आणि तिला — नको. तिला काही नको. चालकाशी बोलू नये. जा, निघा, बघताय काय, दार मी लावून घेते.