सून बाजूलाच उभी

"आजी, तुमचा इन्स्टा आयडी काय?"

वाशीच्या बसस्टॉपवर मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून गीतांजलीने बाकावरच्या दोन आजींना बेधडक विचारलं. मागे मैत्रिणी खिदळत होत्या. आजींनी मात्र प्रश्न भलताच मनावर घेतला.

"तसलं काय नाय, पोरी. पन फोन हाय, मोठा. पोरानं दिलाय."

"काय गो पुतले," दुसऱ्या आजींनी तिला विचारलं, "तुना लावाला येतो?"

"कुठं येतो! मना नाव वाचाला येत नाय, तर लेकीला लावू कशी? सून लावून देते. नी बाजूलाच उभी ऱ्हाते."

"मग बोलाचं की."

"काय बोलू? बरी हाय, जेवली, संपलं. सुनेचं गाऱ्हानं सुनेसमोर करू?"

"मना सांग."

"तुना सांगितलं की सगल्या बोनकोडे गावाला ठाव!"

"बरं बाय. पन गाऱ्हानं हाय तरी काय?"

"काय नाय गो. गुनाची हाय बिचारी. पन लेकीजवल जरा रडावं वाटतं ना, तर ही लगेच पानी घेऊन धावते."

"अगो, बस आली, ऊठ!"

दोघी एकमेकींना धरून बसमध्ये चढल्या. मैत्रिणी आयडी मिळाला का विचारत राहिल्या, गीतांजली तडक घराकडे निघाली.

घरी येताच तिने दप्तर सोफ्यावर टाकलं आणि जाहीर केलं, "आई, बाबा, आजपासून मी आपल्या आजीला फोन लावायला शिकवणार. आणि ती आत्याशी बोलत असली की खोलीत कुणी थांबायचं नाही. आई, तूसुद्धा!"