साळ्याच्या स्कूटरची ब्रेक केबल

अरे, कंपनी काई फुकट देते म्हणे, की मले तवाच भेव लागते. शोरूममधून फोन आला, "तुमच्या स्कूटरची ब्रेक केबल सदोष आहे, कधीही तुटू शकते. घेऊन या, मोफत बदलून देतो."

गेलो. तिथला साहेब गाडी उघडून म्हणे, "ही केबल आमच्या कंपनीची नाहीच."

"आमच्या रशीदभाईनं बदलली. पयली लय जड लागे."

"मग ती जुनी आणून द्या. ती जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही."

"म्हंजे चांगली केबल काढाले खराब केबल आनू?"

"हो."

मले काईच समजेना. माही गाडी तिथंच उघडी पडलेली, म्हून साळ्याची स्कूटर मागून जुन्या शहरात रशीद मिस्त्रीकडे गेलो. सीटवरूनच इचारलं, "भाई, माही जुनी केबल कुठी हाय?"

"फेकतो का मी? कापसाले भाव नाही, कोनी नवा पार्ट घेऊन नाही राहिलं. तेल पाजून दुसऱ्या गाडीत बसवली."

"कोनाच्या?"

"तू बसला ना, तिच्यात."

येतानी मोर्णेच्या पुलावरून भन्नाट आलो होतो. जातानी ढकलत नेली.