भिंतीवर उजेडाचे दोन गोळे

माझं नाव सुभद्रा, माहेर नांदेडाच्या अलीकडलं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठचं खेडं, आणि तव्हा ते सगळं निजामाच्या राज्यातच व्हतं बरं का ताई, म्हणून आम्ही हैदराबादला आलो तर परमुलखात आलो असं कुणाला वाटलं नाही. माय मी जन्मले तव्हाच गेली, बाप गेला तव्हा मी आठ वर्षांची आणि सोपानदादा चौदाचा. दादानं मला हाताला धरून इथं आणलं, आबिडला एका हापिसात चपराशी लागला, आणि मला भाकर थापायला त्यानं शिकवलं, बाईमाणसाचं काम गड्यानं शिकवलं, आता हसायला येतं, पण त्याची भाकर माझ्याहून गोल यायची. माय बी तोच आणि बाप बी तोच. हे आधी लिहून घ्या, कारण पुढलं सगळं यावरच हाय.

लग्न बी त्यानंच लावून दिलं. आमचे मालक सरकारी मोटारखान्यात बिजलीचं काम करायचे, मोटारीचे दिवे, हॉर्न, बॅटरी, डायनामो. दादा म्हणला, दाजीच्या हातात हुन्नर हाय, तुला उपाशी ठेवायचा नाही. आणि नाही ठेवलं, खोटं कामून बोलू.

लग्नाला दुसरं वरीस, बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, उडालं यांच्या तोंडावर. एक डोळा पांढराच झाला, दुसऱ्यात धुकं राहिलं, म्हणजे माणूस आला-गेला कळायचं, पण बारीक काही दिसायचं नाही आणि रंग तर सगळे एकच. दवाखान्यातून आल्यावर यांनी खान्यात सांगितलं, एक डोळा गेला, दुसरा साफ हाय. मला बी तेच सांगितलं. मग एक दिवस पोत्यात वायरींचा गुंता घेऊन घरी आले, दारात उन्हाला बसले आणि मला म्हणले, सुभद्रे, ही लाल का काळी? मला वाटलं, माझी चेष्टा करायलेत, मी म्हणलं, तुमचे डोळे काय गहाण पडलेत का? तर यांनी मान खाली घातली. काय सांगू तुम्हाला ताई, ते बोलणं अजून मला टोचतं.

तवापासून म्या शिकले. जुन्या मोटारींच्या वायरीवर सुताचं कापड असायचं, तेल पिऊन पिऊन सगळ्या काळ्या पडलेल्या, म्या घासलेटाचं फडकं घेऊन पुसायची तव्हा आतला रंग दिसायचा, लाल, निळी, हिरव्यावर पिवळी रेघ. गोधडीवर पसरून ठेवायची आणि हे सांगायचे, निळी मोठ्या दिव्याची, लाल बारक्या दिव्याची, बेगमबाजारातून मसाला आणून जशा पुड्या लावाव्या तशा म्या वायरी लावायची. मोटार घरी आली की तपासायचा बल्ब घ्यायचा, बारका बल्ब, त्याला दोन वायरी. एक मोटारीच्या पत्र्याला लावायची, दुसरी जिथं बिजली यायला पाहिजे तिथं टेकवायची. पेटला तर बिजली तिथवर आली, नाही पेटला तर अलीकडं कुठंतरी अडली. हे हातानं टेकवायचे आणि विचारायचे, पेटला? मी सांगायची, पेटला. नाही तर, नाही. जोड ढिला असला तर तो गरम होतो, ते यांच्या बोटाला माझ्या आधी कळायचं, तेवढं काम त्यांचं. डोळ्याचं माझं.

एक कायदा घातला व्हता यांनी. म्हणले, सुभद्रे, मला खूश करायला पेटला म्हणू नको. दिव्याचं खोटं बोललीस तर मी चांगली वायर कापून बसेन. म्या कधी बोलले नाही, एकदा बी नाही.

घरासमोर एक भिंत व्हती, बेगमबाजारातून चुना आणून म्याच पांढरी केली. मोटारीचं तोंड भिंतीकडं करायचं आणि दिवे लावायचे, दोन गोळे पडतात उजेडाचे. दोन्ही सारखे पडले तर काम झालं. एक फिका, एक वर, एक खाली, सगळं भिंत सांगते.

खान्यातले उस्ताद म्हणजे रहमतमियाँ, म्हातारं माणूस. एकदा ते अचानक घरी आले, तव्हा स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या हातात. म्या टाकून दिला, पदर ओढला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, यांच्याकडं पाहिलं, पाणी मागून पिले. मग वायरींचा बांधलेला जुडगा उचलून बघितला आणि म्हणले, काम साफ है बेटी. बस, एवढंच. तवापासून दिव्याचं काम आलं की खान्यात सगळ्यांदेखत म्हणायचे, घर कू लेके जाव मियाँ, आराम से करके लाव. मरेपर्यंत कुणाला बोलले नाहीत. असं माणूस कुठं भेटावं.

मग ते छप्पनचं साल आलं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले, आमचा मराठवाडा मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसूरकडं, बाकीचा तेलुगू मुलूख इथं. सरकारी माणसानं लिहून द्यायचं, कुठं जाणार. रोज कुणी ना कुणी बिऱ्हाड बांधायलंय, शेजारीपाजारी रडायलेत, असं सगळं. दादा तर आनंदानं येडा झालता. त्याचा साहेब औरंगाबादला चालला आणि दादा बी संगं. म्हणला, सुभे, आपला मुलूख, आपली बोली, तुझं लेकरू मराठी शाळेत जाईल, दाजीला सांग लिहून द्या म्हणून, एकमेकाला खेटून घरं बांधू. मला तव्हा पाचवा महिना. मला जायचं व्हतं ताई. जीव निघून चालला व्हता माझा तिकडं.

पण बोलवा अशी व्हती की तिकडं नव्यानं हजर होताना डॉक्टर डोळे तपासणार. आणि नाही तपासले तरी तिकडं रहमतमियाँ कुठले, घर कू लेके जाव म्हणणारं कोण? आठ दिवसांत उघडं पडलं असतं. हे जेवताना म्हणले, सुभद्रे, तू म्हणशील तसं, मी तिकडं हमाली करीन. ताटातली चटणी चाचपणारं माणूस, ते म्हणतंय हमाली करीन. म्या म्हणलं, आपण इथंच राहू. त्यांनी विचारलं नाही कामून, म्या सांगितलं नाही.

दादाला सांगता येत नव्हतं. लई जीव त्याचा माझ्यावर, पण त्याच्या पोटात गोष्ट राहायची नाही, कळवळून कुणाला तरी बोलला असता आणि यांची नोकरी गेली असती.

दादा जायच्या आदल्या दिवशी त्याच्या साहेबाच्या मोटारीचा डावा दिवा फिका पडला. खान्यात गर्दी, रहमतमियाँनी मोटार आमच्या घरी धाडून दिली. आणि मोटारीतून उतरलं कोण, तर सोपानदादा. उंबऱ्यावरच बसला. आता याच्यासमोर काम कसं करावं? दिवस मावळतीला आलेला. म्या भिंतीला टेकून उभी राहिले, जशी काही गप्पा मारायला.

यांनी दोन्हीकडचे बल्ब अदलाबदल केले, तरी डावाच फिका, म्हणजे बल्ब चांगला. मग तपासायचा बल्ब दिव्याच्या मागं टेकवला आणि विचारलं, पेटला? म्या म्हणलं, पेटला, चांगला पेटला. म्हणजे बिजली येतेय, तिला परत जायला वाट नाही. दिव्यातून पत्र्यात जाणारा स्क्रू कुठंतरी गंजलाय.

दादा बघतच व्हता. म्हणला, दाजी तुला कामून विचारायलेत गं? त्यांना दिसत नाही का?

यांचे हात थांबले. म्या हसले, म्हणलं, दादा, ते मडगार्डाच्या आत वाकलेत, त्यांना कसं दिसंल. पण दादाची नजर हटेना, यांच्या हातावरच. तो उठून जवळ जायला लागला. त्याला तिथून हटवायचं, एवढंच डोक्यात. आणि तोंडातून निघून गेलं. म्हणलं, दादा, तू सारखं चल चल लावलंस, मला नाही यायचं. मला इथंच करमतं. तिकडं माझं कोण हाय?

तिकडं माझं कोण हाय, असं म्या त्याला म्हणलं. जो तिकडं चालला व्हता त्यालाच.

तो जागच्या जागी उभा राहिला. मग सावकाश मागं फिरला, उंबऱ्यावर बी नाही बसला, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. यांनी बोटानं चाचपून गंजका स्क्रू काढला, पॉलिशकागदानं घासला, जागा घासली, पक्का आवळला आणि दिवा लावला. भिंतीवर दोन गोळे पडले, सारखे. हे म्हणले, पेटला? म्या दादाच्या पाठीकडं बघत व्हते. दुसऱ्यांदा विचारलं तव्हा म्हणलं, हौ, पेटला.

दादानं चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो त्याच दिव्यांच्या उजेडात औरंगाबादला गेला, आणि ते दिवे माझ्या हातचे.

त्याच थंडीत आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला. पांढरं लुगडं नेसून म्या बी उभी राहिले, पाच शीलं म्हणायची, चौथं आलं, खोटं बोलणार नाही. माझी जीभच उचलंना. बाजूच्या बायकांनी म्हणलं, त्यांच्या आवाजात माझं झाकून गेलं.

लेकराचं नाव ठेवायला दादा आला नाही. दोन-चार वेळा भेट झाली, लग्नाकार्यात, तुटक तुटक. तो वारला तव्हा आम्ही गेलो, वहिनी म्हणल्या, ते म्हणायचे, सुभीला हैदराबाद गोड झालं, भाऊ कडू झाला. तव्हा तरी सांगायचं नाही का? पण हे बाजूलाच बसलेले, चार लोक म्हणायलेत, हेच ते बिजलीचे मोठे मिस्तरी. म्या गिळलं. हे बी गेले आता. जायच्या आधी एकदा म्हणले, सुभद्रे, त्या दिवशी तू खोटं बोललीस, दिव्याचं नाही, तुझं. म्या म्हणलं, हौ. मग लई वेळ माझा हात धरून बसले.

आता इथंच विद्यानगरात नातीपाशी असते. माझ्याच डोळ्यात आता मोतीबिंदू, म्हणजे बघा. परवा तिच्या गाडीचा एक दिवा फिका झाला, ती वर्कशॉपला फोन लावायला निघाली, म्या म्हणलं, थांब, गाडीचं तोंड भिंतीकडं कर. तिच्या हातानं स्क्रू घासून घेतला, म्या नुसती काठी टेकून उभी. मग विचारलं, पेटला? ती तेलुगूत ओरडली, वेलिगिंदी अम्मम्मा! म्या म्हणलं, मराठीत सांग गं. ती म्हणली, पेटला, पेटला. मराठी बोलते थोडी, वाचता येत नाही तिला. तिची चूक नाही, म्याच तिच्या आईला या मुलखात जन्माला घातलं.

पण दादाच्या नातवाला येतं, तिकडं मराठी शाळेत शिकलाय तो. त्याचा फोन आलता, तुमचं सगळं लिहून पाठवा म्हणला, म्हणून तुम्हाला बसवलं ताई. नीट लिहा. त्याला म्हणावं, लेकरा, सुखी राहा, तुझ्या घरात कधी अंधार नसो. आणि तुझ्या आजोबाच्या फोटोपुढं उभा राहून हे मोठ्यानं वाच. म्हणावं, सुभीला यायचं व्हतं. तिकडंच तिचं सगळं व्हतं.