सील आधी श्वास सोडतो

(एक्स-रेची खोली. सर यंत्रासमोर, एक्स-रे काढणाऱ्या ताई बटणापाशी, बायको दाराशी.)

सर : माणूस हा प्राणी मुळात बुडण्यासाठीच जन्माला आलाय.

ताई : छाती या पाटीला टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे.

बायको : चालू द्या हो त्यांचं. मागच्या एक्स-रेत फुफ्फुसांच्या तळाशी सावली दिसली, तेव्हापासून आठ दिवस असंच बोलताहेत. काल कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

सर : कुठली कशाची, तेही समजावलं.

ताई : दीर्घ श्वास घ्या. रोखून धरा... अहो सर, सोडलात कशाला?

सर : रोखण्याआधी सोडायचा असतो.

ताई : कुणी सांगितलं?

बायको : सील माशानं.

सर : सील मासा नाही, सस्तन प्राणी आहे. बत्तीस वर्षं शिकवलंय मी. बुडी मारण्याआधी तो श्वास सोडतो. छातीत हवा असली की ती वर ढकलते. त्याचा प्राणवायू रक्तात नि स्नायूंत साठवलेला. हृदयाचे ठोके शंभरावरून दहावर आणतो आणि तासभर खाली राहतो.

बायको : आणि हे एक जिना चढले की कठड्याला धरून उभे.

ताई : मागच्या वेळीही असाच सोडला होतात?

सर : अर्थात.

ताई : तेव्हा मी रजेवर होते. आता असं करा, सील विसरा. फुगा फुगवायचाय असं समजा. घ्या. आणखी. धरा... झालं. बाहेर बसा, डॉक्टरांना दाखवून येते.

(वीस मिनिटांनी. बाहेरच्या बाकावर.)

ताई : डॉक्टर म्हणाले, काही नाही. साफ आहे. फुफ्फुसं रिकामी असली की तळाचा भाग दबतो, पांढरट दिसतो. तीच तुमची सावली.

बायको : म्हणजे आठ दिवस मी देव पाण्यात घालून बसले ते...

सर : शास्त्रीयदृष्ट्या माझी पद्धत बरोबर होती.

ताई : हो सर. प्राणी चुकला.

बायको : या घ्या तुमच्या किल्ल्या. आणि जगणारच आहात तर एकदा मला खरा सील दाखवा. बत्तीस वर्षं नुसतं ऐकतेय.

सर : बघू.

बायको : बघू काय? कुठे असतो तो, तुम्हालाच माहीत. तुम्ही कुठे पाहिलात?

सर : पुस्तकात. डाव्या पानावर.